व्हीएसएम मोजणीची सशुल्क सेवा: यंत्र उत्तम, पण रिकामा होल्डर आधी चालवून घ्या

पुण्याच्या बाजूला एक मोठी संस्था आहे. तिथे बाहेरच्या कॉलेजांची सॅम्पलं पैसे घेऊन मोजून देतात. एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना), यूव्ही (प्रकाशाचं शोषण), एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक), सगळं एका छताखाली, आणि आमच्यासारख्यांना मुख्य गरज असते ती व्हीएसएमची, म्हणजे पदार्थ किती चुंबकीय आहे ते मोजणाऱ्या यंत्राची. ही सेवा मी काही वर्षं वापरते आहे. नाव देत नाही, कारण जे खटकलं ते त्या एकाच ठिकाणी घडतं असं नाही, आणि तिथली माणसं भली आहेत. उगाच त्यांच्या डोक्याला ताप नको.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सीनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. लॅबमध्ये मफल फर्नेस आहे, स्टरर आहे, चार दशांशांपर्यंतचा काटा आहे. नळाला पाणी असेल त्या दिवशी डिस्टिल्ड वॉटरही असतं. पावडर करायला एवढं पुरतं. ती पावडर झाली म्हणजे नेमकी काय झाली, हे कळायला मात्र गाव सोडावं लागतं. आधी फॉर्म, मग प्राचार्यांची सही, मग पेमेंट, मग स्लॉटची वाट. 2020 साली आय-स्टेम पोर्टल सुरू झाल्यापासून कुठलं यंत्र देशात कुठे आहे ते घरबसल्या दिसतं, हे एक बरं झालं. पूर्वी हे सगळं ‘तुमच्या ओळखीचं कोणी आहे का तिथे’ या एकाच पोर्टलवर चालायचं.

दर आधी सांगते, कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. कॉलेजसाठी खोलीच्या तापमानाच्या एका लूपला, म्हणजे चुंबकीय क्षेत्र पुढे-मागे फिरवून काढलेल्या चुंबकत्वाच्या आलेखाला, साधारण हजार रुपये, वर 18 टक्के जीएसटी. कंपन्यांना बरेच जास्त. हा जीएसटी ग्रँटच्या हिशेबात कुठल्या रकान्यात घालायचा यावर आमच्या ऑफिसात दर वेळी नव्याने चर्चा होते. रिपोर्ट हातात यायला महिना-दीड महिना धरा. मार्चच्या आधी सगळ्यांनाच ग्रँट संपवायची असते, तेव्हा त्याहूनही जास्त.

यंत्राबद्दल तक्रार नाही. सायमन फोनर यांनी 1959 साली प्रसिद्ध केलेली जुनीच युक्ती आहे. दांडीच्या टोकाला होल्डरमध्ये सॅम्पल बांधायचं, ते इलेक्ट्रोमॅग्नेटच्या दोन ध्रुवांच्या मधोमध ठेवून वर-खाली थरथरवायचं, आणि शेजारच्या कॉइलमध्ये जे व्होल्टेज उमटतं त्यावरून सॅम्पलचं चुंबकत्व काढायचं. इथलं यंत्र उणे 15 ते अधिक 15 किलोएर्स्टेडपर्यंत (एर्स्टेड हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) जातं. सकाळी पहिलं काम निकेलच्या प्रमाणित गोळीवर कॅलिब्रेशन. निकेलचं संपृक्त चुंबकत्व (क्षेत्र कितीही वाढवलं तरी ज्याच्या पुढे जात नाही ते) खोलीच्या तापमानाला ग्रॅममागे सुमारे 55 इएमयू (चुंबकत्वाचं एकक), ते आकडे जुळले की दिवस सुरू. हे मी समोर उभं राहून पाहिलं आहे. तिथले टेक्निकल असिस्टंट, ज्यांना सगळे ‘काका’ म्हणतात, ते ही गोळी डबीतून काढताना असे गंभीर होतात की आपणही बोलायचं थांबतो.

तुमचं काम फेराइटवर, म्हणजे लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडांवर, असेल तर पुढचं सगळं वाचायची गरज नाही. बिनधास्त जा. आपल्याकडे फेराइटवाल्यांची कमी नाहीच. कोल्हापूर असो की मराठवाडा, सायट्रिक ॲसिड घालून नायट्रेटचं जेल पेटवायचं आणि राखेला 600 अंशांवर चार तास भाजायचं, हे पीएचडीचं बाळकडू झालं आहे. कोबाल्ट फेराइटची 10 मिलिग्रॅम पावडर द्या, ग्रॅममागे 60 इएमयू धरले तरी एकूण सिग्नल 0.6 इएमयू होतो. यंत्राला हा अगदी सोपा घास आहे. झिंक घालत गेलात की चुंबकत्व आधी वाढतं आणि मग उतरतं, ते लुईस नेल यांनी 1948 साली मांडलेल्या दोन उपजालिकांच्या (स्फटिकातले उलट दिशांनी चुंबकलेले अणूंचे दोन गट) हिशेबाप्रमाणे इथल्या आलेखात स्वच्छ दिसतं. झिंक बिगरचुंबकीय, पण ते चतुष्फलकी (चार ऑक्सिजनच्या मधल्या) जागा अडवतं, उलट दिशेचा लोहाचा वाटा कमी होतो, म्हणून आधी बेरीज वाढते. फार झिंक झालं की जागांमधली पकड सैल पडते आणि मग घसरण. माझ्या शेजारच्या टेबलवरचे सर याच कामासाठी इथे येतात आणि कायम खुश असतात. एकच लक्षात ठेवा, शुद्ध कोबाल्ट फेराइट 15 किलोएर्स्टेडला पूर्ण संपृक्त होत नाही. आलेखाचं शेवटचं टोक म्हणजेच संपृक्त मूल्य असं लिहू नका.

आमचं दुखणं वेगळं आहे. आम्ही करतो कोबाल्ट घातलेलं झिंक ऑक्साइड.

थोडं सांगते, कारण सेवेची खरी परीक्षा इथेच झाली. 5 टक्के कोबाल्टचा नमुना करायचा तर 20.85 ग्रॅम झिंक ॲसिटेट डायहायड्रेटला 1.25 ग्रॅमच्या आसपास कोबाल्ट ॲसिटेट टेट्राहायड्रेट. पाण्यात विरघळलं की गुलाबी द्रावण होतं. त्यात सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने, पीएच 10 च्या जवळ येईपर्यंत. साका बसला की धुवायचा, पुन्हा धुवायचा, शेवटी इथेनॉलने, मग ओव्हनमध्ये 80 अंशांना वाळवून भट्टीत 450 ला. भट्टीचं दार उघडल्यावर क्रूसिबलमध्ये जो हिरवा दिसतो तो बघायला माझ्या विद्यार्थिनी दर वेळी धावत येतात. कोबाल्ट झिंकच्या जागी बसल्याची ही पहिली खूण. रंगारी लोकांना हा हिरवा 1780 पासून माहीत आहे, रिनमनचा हिरवा म्हणून. यूव्ही-व्हिजिबलमध्ये 565, 610 आणि 655 नॅनोमीटरच्या आसपास तीन खळगे दिसले की समजायचं, चार ऑक्सिजनच्या मधोमध कोबाल्ट बसला. पावडर काळपट निघाली तर कोबाल्ट वेगळा होऊन त्याचं स्वतःचं ऑक्साइड झालं आहे, पुढचे पैसे वाचवा. या सेवेतली यूव्हीची मोजणी स्वस्त आहे, ती आधी करून घ्यावी असं माझं मत.

आता हे पदार्थ मोजायचे कशासाठी? टॉमाझ डिट्ल आणि सहकाऱ्यांनी 2000 साली गणित मांडलं की मँगनीज घातलेलं पी-प्रकारचं (धन भारवाहकांचं) झिंक ऑक्साइड खोलीच्या तापमानालाही फेरोमॅग्नेटिक, म्हणजे लोखंडासारखं चुंबकीय, राहू शकेल. अर्धवाहक आणि चुंबक एकाच पदार्थात मिळणार म्हटल्यावर जगभरच्या प्रयोगशाळा कामाला लागल्या. मँगनीज, कोबाल्ट, निकेल, लोह, हाताला लागेल ते झिंक ऑक्साइडमध्ये पडलं. पेपरांचा पूर आला, प्रत्येकात एक बारीकसा लूप, फेरोमॅग्नेटिक असल्याची खूण म्हणून. आमच्याकडेही मौखिक परीक्षेत पहिला प्रश्न ‘लूप आला का?’ असाच असतो.

आम्हालाही आला. 5 टक्क्यांच्या नमुन्यात सरळ चढत्या रेषेच्या मधोमध एक पिळलेला एस, ग्रॅममागे 0.01 इएमयूच्या घरातला. 3 टक्क्यांतही तेवढाच. इथपर्यंत कोणीही पेढे वाटले असते. पण त्या गठ्ठ्यात आम्ही कोबाल्ट न घातलेलं, साधं पांढरं झिंक ऑक्साइडही पाठवलं होतं. त्याची टोकं खाली झुकलेली, कारण ते प्रतिचुंबकीय, म्हणजे क्षेत्राला किंचित उलटा प्रतिसाद देणारं, आणि मध्ये? तोच लूप, तीच उंची. कोअर्सिव्हिटीही (चुंबकत्व शून्यावर आणायला लागणारं उलटं क्षेत्र) हजार एर्स्टेडच्या आसपास, जी झिंक ऑक्साइडला शोभत नाही, कोबाल्ट फेराइटला मात्र छान शोभते.

हिशेब करून बघा. 50 मिलिग्रॅम सॅम्पलमध्ये ग्रॅममागे 0.01 इएमयू म्हणजे एकूण 0.0005 इएमयू. एवढा सिग्नल द्यायला कोबाल्ट फेराइटची 8-9 मायक्रोग्रॅम धूळ पुरते. लोखंड असेल तर त्याहून कमी, 2.3 मायक्रोग्रॅम, म्हणजे केसाच्या जाडीइतका एखादा कण. दिवसभर ज्या होल्डरवर फेराइटची सॅम्पलं चढतात-उतरतात, त्याच होल्डरवर संध्याकाळी आमचं झिंक ऑक्साइड चढलं होतं. होल्डर पुसतात, पण टिश्यूने. फेराइटची बारीक पावडर टिश्यूला घाबरत नाही.

हे काही आमचंच नवल नाही. 2004 साली डब्लिनच्या गटाने हाफ्नियम ऑक्साइडमध्ये चुंबकत्व सापडल्याचं छापलं होतं. पुढच्याच वर्षी आयबीएमच्या संशोधकांनी दाखवलं की स्वच्छ हाताळलेल्या थरांत तसलं काही नाही, पण स्टीलच्या चिमट्याने धरलं की चुंबकत्व उगवतं. आमच्या विद्यार्थिनींना मी हे सांगितल्यापासून लॅबमध्ये स्टीलचा स्पॅच्युला कोणी उचलला तरी ओरडा होतो. स्टररची कांडी तर मुळातच चुंबक. चुंबकत्व मोजायच्या पदार्थात तासन्‌तास चुंबक फिरवायचा, आणि त्याचं टेफ्लॉनचं आवरण खरचटलेलं असलं की आतला ऐवज थेट आपल्या द्रावणात. आता आम्ही काचेच्या कांडीचा ओव्हरहेड ढवळणारा वापरतो, अगेटचा खल, प्लास्टिकचा चिमटा. आमच्या बाजूने एवढं झालं. त्यांच्या बाजूने काय?

मी फोन केला. फोन लागतो, उचलतातही, हा एक गुण लिहून ठेवते. म्हटलं, आमची तिन्ही सॅम्पलं परत मोजा, पण आधी होल्डर रिकामा चालवा.

“मॅडम, रिकाम्या होल्डरमध्ये काय असणार?” काका म्हणाले.

“काही नसावं अशीच इच्छा आहे. तेच बघायचंय.”

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, “या तुम्ही. समोरच करू.”

गेले. काकांनी रिकामा होल्डर चढवला, मोजला, आणि स्क्रीनवर त्या रिकाम्या होल्डरचा लूप हळूहळू उमटत गेला, व्यवस्थित, आमच्या झिंक ऑक्साइडच्याच उंचीचा. काका चष्मा वर करून स्क्रीनच्या जवळ गेले. काही बोलले नाहीत. आत जाऊन नवा, पाकिटातला होल्डर घेऊन आले, हातमोजे बदलले, तोही आधी रिकामा मोजला. एक उतरती सरळ रेष, बास. मग त्यावर आमची सॅम्पलं. पांढऱ्या झिंक ऑक्साइडची रेष खाली जाणारी. 3 आणि 5 टक्क्यांची वर जाणारी, सरळ, मध्ये कुठेही फुगवटा नाही. 5 टक्क्यांच्या नमुन्यात 15 किलोएर्स्टेडला ग्रॅममागे 0.05 इएमयूच्या आसपास. सुटेसुटे कोबाल्ट आयन, प्रत्येकावर तीन अयुग्मित इलेक्ट्रॉन, आणि शेजारी-शेजारी बसलेल्या काही जोड्या एकमेकींना खोडणाऱ्या, असं धरून कागदावर जेवढं येतं तेवढंच. म्हणजे पॅरामॅग्नेटिक, क्षेत्र असेपर्यंतच चुंबकत्व. विद्यार्थिनीचा चेहरा पडला, माझा नाही. तिच्या प्रबंधात आता एक प्रकरण आहे ज्यावर मी डोळे मिटून सही करू शकते.

आता तक्रारी, आणि त्या काकांवर नाहीत, व्यवस्थेवर आहेत.

एक तर फॉर्मवर सॅम्पलचं नाव, रासायनिक सूत्र, विषारी आहे का, एवढंच विचारतात. सिग्नल साधारण किती अपेक्षित आहे, हा रकानाच नाही. तो असता तर हजारपट फरकाची सॅम्पलं एका रांगेत लागलीच नसती. कमकुवत सॅम्पलांचा वेगळा दिवस, वेगळा होल्डर, एवढं ठेवायला खर्च काहीच नाही.

दुसरं म्हणजे रिकाम्या होल्डरच्या मोजणीचे पैसे नेहमीच्या सॅम्पलइतकेच लावतात. त्या दिवशीचे काकांनी लावले नाहीत, पण नियम तसा आहे. म्हणजे त्यांची धूळ त्यांच्या होल्डरवर आहे का, हे तपासायचे पैसे मी भरायचे! फिरोदिया करंडकाला चांगली एकांकिका होईल यावर.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत जास्त टोचते. रिपोर्ट म्हणून जे येतं ते ओरिजिन या आलेखाच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेलं रंगीत चित्र, कोपऱ्यात संस्थेचा लोगो. आकड्यांची फाइल मागितल्याशिवाय मिळत नाही. आणि त्या चित्रात सरळ रेषेचा भाग आधीच वजा केलेला असतो, ‘लूप नीट दिसावा म्हणून’. आमच्या पहिल्या रिपोर्टमध्ये तसंच होतं. ती रेष वजा करणं म्हणजे आमचा सगळा कोबाल्ट वजा करणं. उरला तो फक्त होल्डरवरचा कचरा, आणि तोच सुबक फेरोमॅग्नेटिक लूप म्हणून छापायला तयार. मी कच्च्या आकड्यांची फाइल मागवली म्हणून मूळ रेष दिसली. किती जणांनी मागवली नसेल, याचा विचार मी रात्री करत नाही.

वजनाचंही बघा. आलेख ग्रॅममागे काढतात, पण ग्रॅम कुणाचे? फॉर्मवर तुम्ही 50 मिलिग्रॅम लिहिलं म्हणून ते 50 ने भागतात. डबीत प्रत्यक्ष 38 मावले असतील तर तुमचं चुंबकत्व बसल्या जागी पाव हिश्श्याने उतरलं. होल्डरमध्ये भरल्यावरचं वजन लिहून द्या असं सांगितलं तर देतात. सांगावं लागतं.

एक्सआरडीबद्दल थोडक्यात. यंत्र चांगलं, कॉपरच्या नळीचं, तरंगलांबी 1.5406 अँगस्ट्रॉम. पण घाईच्या दिवसांत स्कॅन इतका पळवतात की झिंक ऑक्साइडच्या 36.3 अंशांच्या मोठ्या शिखराला खेटून 36.8 ला कोबाल्ट ऑक्साइडचं शिखर असलं तरी खांद्यात लपून जातं. 21 नॅनोमीटरच्या कणांची शिखरं अशीही 0.4 अंश रुंद असतात, त्यात वेगाची भर. ‘31 ते 38 अंशांचा भाग सावकाश’ असं लिहून दिलं की करतात, जादा आकार न घेता. लोह-कोबाल्टवाल्यांनी पार्श्वभूमी उंच दिसली तर घाबरू नये, कॉपरच्या किरणांनी ते अणू स्वतःच चमकतात. सिलिकॉनच्या प्रमाणित नमुन्याची फाइल मागितली तर फुकट देतात, शेररचं सूत्र (शिखराच्या रुंदीवरून कणाचा आकार काढणारं) लावण्याआधी यंत्राची स्वतःची रुंदी वजा करायला ती हवीच. हे मला इथेच पहिल्यांदा फुकट मिळालं. इतर ठिकाणी ‘कशाला लागते?’ असं विचारतात.

तेव्हा फेराइटसाठी पाचपैकी साडेचार, अर्धा गुण त्या चित्राच्या रिपोर्टचा कापला. झिंक ऑक्साइड, टिन ऑक्साइड, टायटॅनिया, असलं काही डोप करून (दुसरा धातू थोडासा घालून) बारीक सिग्नल शोधत असाल तर जसं आहे तसं तीन, आणि स्वतः जाऊन समोर बसलात तर चार. फॉर्मच्या तळाला ‘शेरा’ म्हणून रिकामी जागा आहे, ती बहुतेक जण सोडून देतात. तिथे लिहा: नवा होल्डर, आधी रिकामी मोजणी, डोप न केलेलं सॅम्पल त्याच गठ्ठ्यात, भरल्यानंतरचं वजन, कच्च्या आकड्यांची फाइल, रेष वजा करू नये. मी तर आता या ओळींचा शिक्काच करून घेतला आहे, स्टेशनरीच्या दुकानातला माणूस ‘हे काय औषध आहे का मॅडम’ म्हणाला.

सॅम्पल कुरियरने पाठवायचं असेल तर दोन झिपलॉकमध्ये आणि फेराइटवाल्या मित्राच्या पाकिटापासून वेगळं. स्लॉट शक्यतो सकाळचा मागा, निकेलच्या गोळीनंतरचा पहिला. दिवाळीच्या सुट्टीत यंत्र सर्व्हिसिंगला असतं, म्हणून ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच नंबर लावा. कँटीनचा चहा बेताचाच, पण वडा चांगला आहे.